तुतवाराचं सुतक

एक होता राजा. पण तो राहू दे तिकडं लांब, त्याच्या राजवाड्यात. त्याचं काम पुढं आहे, आणि तेही फार नाही. आपल्याला आधी हवंय ते तळं. केवढं तळं? तर या काठावरून मारलेली हाक त्या काठाला पोचेपर्यंत दमून जायची, एवढं मोठं. हसतेस काय शरू? मी बघितलंय असलं तळं. आणि निमिष, पाय आत घे पांघरुणात. पाय बाहेर आला की माझी गोष्ट थांबते, आधीच सांगून ठेवते.

तर त्या तळ्याकाठी एक गाव होतं. गावातली माणसं लव्हाळा कापायची, उन्हात वाळवायची आणि त्याच्या चटया विणायची. अशा चटया, बरं का, की उन्हाळ्यात अंगाला गार लागाव्यात आणि थंडीत ऊबदार. आमच्या घरी होती तसली एक. पाणी शिंपडलं की तिला तळ्याचा वास यायचा. तुमच्याएवढी होते तेव्हा मी त्या वासावर झोपायचे. तुमच्या या गाद्यांना कसला वास येतो? कसलाच नाही. जाऊ दे.

मग थंडी पडली की तळ्यावर पाखरं यायची. कुठून? डोंगरापलीकडून, बर्फाच्या मुलखातून. बदकं यायची, करकोचे यायचे, आणि एक एवढंसं पाखरू यायचं, त्याचं नाव तुतवार. मुठीत मावेल एवढं. पाय काडीसारखे. आणि शेपूट सारखी वरखाली, वरखाली. एक क्षण म्हणून स्वस्थ बसायचं नाही. कुणासारखं? मी नाव घेत नाही, पण त्याचा पाय पुन्हा बाहेर आलाय. आमच्या आजोळी नदीवर यायचे तुतवार. दिवाळी सरली की आम्ही पोरं काठावर जाऊन वाट बघायचो. पहिला तुतवार ज्याला दिसेल त्याला आजी गुळाचा खडा द्यायची. मला दोनदा मिळाला. तसा गूळ पुन्हा कधी खाल्ला नाही मी.

आता ते तळं होतं साती आसरांचं. साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. त्या कुणाला दिसत नाहीत, पण त्यांना सगळं दिसतं. त्यांनी गावाला एक रीत घालून दिली होती. रानातलं पाखरू मेलेलं दिसलं, तर ज्याला दिसलं त्यानं ते टाकून जायचं नाही. ते पुरायचं, आणि मग तीन दिवस सुतक पाळायचं. घरचं माणूस गेल्यावर पाळतात ना, तसं. चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. बांधावर एक खोपट होतं, तिथं एकट्यानं बसायचं. शेजाऱ्यांनी लांबून भाकरी ठेवायची, ती खायची.

रीत वाईट होती का? मुळीच नाही. पाखरू कशानं मेलं कुणाला ठाऊक? रोगानं मेलं असेल तर तो रोग हाताला लागतो, हातावरून कोंबड्यांना लागतो, कधी माणसालाही लागतो. म्हणून तीन दिवस लांब बसायचं. शिवाय ते पाखरू इतका लांबचा पल्ला मारून तुमच्या दारात येऊन मेलं. त्याला आपलं म्हणणारं कुणी नको का?

पण माणसं कशी असतात! आजोबांनी पाळलं, बापानं कुरकुरत पाळलं, आणि नातवांना जड व्हायला लागलं. तीन दिवस काम बंद म्हणजे काय गंमत आहे? मग गावानं एक शक्कल काढली. दिसलं तर सुतक ना? मग दिसूच द्यायचं नाही. मेलेलं पाखरू समोर आलं की डोळे गच्च मिटायचे आणि म्हणायचं, "मी नाही पाहिलं." झालं! मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं, जगाला दिसत नाही. तसलाच प्रकार.

बरं, एकदा काय झालं, एक तुतवार मेला. आणि पडला कुठं? तर थेट तुळाजी पाटलाच्या अंगणात. पाटील म्हणजे गावचा मोठा माणूस. सकाळी दात घासत बाहेर आला आणि बघतो तो पायाशी तुतवार, पाय वर करून. त्याच्या वाड्यावर परवा पाहुणे यायचे होते, मुलीला बघायला. सुतक लागलं तर पाहुणे परत जायचे! पाटलानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, डोळे मिटले, केरसुणी घेतली आणि चाचपडत चाचपडत पाखरू कुंपणाबाहेर लोटून दिलं. आणि म्हणाला, "मी नाही पाहिलं."

आणि मग काय झालं माहीत आहे? ते पाखरू मोठं झालं. मुठीएवढं होतं, ते कोंबड्याएवढं झालं. खरंच! साती आसरांचं तळं ते. पण पाटलाचे डोळे मिटलेले, त्याला कुठून दिसणार?

कुंपणापलीकडं राहायची साळूबाई. तिच्या तीस कोंबड्या. एकेकीला नाव होतं, आणि चुकीच्या नावानं हाक मारली तर साळूबाईलाच राग यायचा. दुसऱ्या दिवशी ती दाणे टाकायला आली, तर कोंबड्यांच्या मधोमध कोंबड्याएवढा तुतवार! साळूबाई म्हणाली, "अगं बाई! आता मी खोपटात बसले तर माझ्या लेकरांना दाणे कोण घालणार?" तिनं पदर डोळ्यांवर ओढला, तीच दाण्यांची सुपली घेतली आणि त्या सुपलीनंच पाखरू ढकलत ढकलत घाटाच्या वाटेवर नेऊन सोडलं. आणि म्हणाली, "मी नाही पाहिलं." हात धुतले का? नाही. सुपली धुतली का? नाही. तिनंच पुन्हा दाणे घातले. मूर्ख बाई. आणि पाखरू झालं बकरीएवढं.

घाटावर असायचा रायबा नावाडी. गावात मोठी नाव एकच, ती रायबाची. तिसऱ्या दिवशी रायबा नाव सोडायला आला, तर वाटेत बकरीएवढा तुतवार आडवा. रायबा तसा भला माणूस. पण राजाचा मिठाचा तांडा येणार होता आणि तो पलीकडं न्यायचं काम रायबाचं. तो मनात म्हणाला, मी सुतकात बसलो तर राजा माझी चामडी लोळवेल. मग त्यानंही डोळे मिटले, नावेचा लांब बांबू घेतला, आणि पाखरू रेटत रेटत घाटाशेजारच्या हिरवळीवर नेलं. आणि म्हणाला? सांगा बघू. हां. "मी नाही पाहिलं." पाखरू झालं वासराएवढं.

मग गावातली बाकीची माणसं पाण्याला आली, त्यांनीही वासराएवढा तुतवार बघितला आणि पटापट डोळे मिटले. "मी नाही पाहिलं", "मी नाही पाहिलं", "आम्ही तर बाई इकडं आलोच नाही!" घाटावर सगळे आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे. कुणाचा हंडा कुणाच्या डोक्याला लागला, एक म्हातारा तर पायरी समजून थेट पाण्यात उतरला. आणि त्या तुतवाराची झाली म्हैस. म्हशीएवढा तुतवार हिरवळीवर पडलेला, आणि अख्ख्या गावाला तो दिसत नव्हता.

आता गोजरा. ही आपल्या गोष्टीतली बाई, नीट ऐका.

गोजरा चटया विणायची. नवरा येसाजी वारलेला. एकुलती एक लेक, हौसा, ती तांड्यातल्या माणसाला दिलेली. तांडा म्हणजे बैलांची रांगच्या रांग, पाठीवर मिठाच्या गोण्या, आणि माणसं बैलांबरोबर गावोगाव चालायची. घर असं नाहीच. हौसा लग्न होऊन गेली ती गेली. पाच वर्षं झाली, आईला लेक दिसली नव्हती. हौसाला मुलगा झाला, त्याचं नाव आजोबांचंच ठेवलं, येसा. तो सव्वा वर्षाचा झाला, तरी गोजरानं त्याला बघितला नव्हता.

आणि त्या वर्षी निरोप आला. तांडा या वाटेनं येतोय. उद्या दुपारी पोचेल, तीन दिवस थांबेल, बैल दम खातील, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी रायबाच्या नावेतून मीठ घेऊन पलीकडं जाईल. पलीकडं गेला की परत या वाटेला कधी, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

गोजराला काय करू अन् काय नको असं झालं. तिनं घर सारवलं. येसासाठी एक चिमुकली चटई विणली, या उशीएवढी. लाडू केले. शेवटचा एक भारा लव्हाळा आणायचा राहिला होता, म्हणून ती संध्याकाळी तळ्यावर गेली. भारा डोक्यावर घेऊन परत येते, तर हिरवळीवर म्हशीएवढं मेलेलं पाखरू.

गोजरानं काय केलं? तिनं डोळे मिटले. हो, तिनंही मिटले! तुम्हांला वाटलं ती मोठी शहाणी? तिच्या मनात एकच आलं. उद्यापासून तीन दिवस सुतक. तांडाही तीनच दिवस. चौथ्या दिवशी सकाळी सुतक फिटणार, आणि लेक आदल्या दुपारीच जाणार. एका रात्रीसाठी पाच वर्षांची भेट हुकणार. ती डोळे मिटूनच तीन पावलं पुढं गेली. तोंड उघडलं. "मी नाही..." एवढं म्हणाली, आणि थांबली.

कारण तिला आठवलं, तांडा उतरतो तो याच हिरवळीवर. इथंच चुली मांडतात, इथंच पोरं खेळतात. आणि येताना वाटेत साळूबाई भेटली होती, ती डोळे पुसत होती. तिच्या चार कोंबड्यांनी माना टाकल्या होत्या आणि दोन मेल्या होत्या. उद्या याच गवतावर माझा येसा रांगेल. पाखराचं पीस उचलून तोंडात घालेल. मी पाहिलं नाही म्हटलं, तर येसा मांडीवर मिळेल. पण कशासाठी मिळेल? असा धोक्यात घालण्यासाठी?

मग गोजरानं भारा खाली टाकला. डोळे उघडले. आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "मी पाहिलं! ऐकलंत का गं, मी पाहिलं!"

आणि बरं का, तो म्हशीएवढा तुतवार आक्रसत आक्रसत पुन्हा मुठीएवढा झाला. गवतात एवढंसं पाखरू पडलेलं. पोट पांढरं, पाय काडीसारखे. गोजरा खाली बसली आणि ढसाढसा रडली. पाखरासाठी रडली आणि लेकीसाठी रडली.

मग उठली. रडून भागतंय का? कामं होती. पाखराला तिनं हात लागू दिला नाही. मोठं पळसाचं पान घेतलं, पानानंच उचललं, वर दुसरं पान गुंडाळलं. तळ्यापासून लांब, माळावर, कोपर बुडेल एवढा खड्डा खणला. पाखरू ठेवलं, वर चुना आणि राख टाकली, माती लोटली, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडे ठेवले. मग राखेनं हात घासले, एकदा नाही, तीनदा. हिरवळीवर पडलेली पिसं जाळली. गावाकडं तोंड करून लांबूनच ओरडली, "साळू, कोंबड्या डाल्याखाली कोंड, सुपली जाळून टाक! पाटील, तांड्याला म्हणावं हिरवळीवर उतरू नका, वरच्या माळावर उतरा! आणखी पाखरू मेलेलं दिसलं तर हात लावू नका, मला हाक मारा!" आणि गेली बांधावरच्या खोपटात.

तिच्या ओरडण्यानं पाटील खाली मान घालून उभा राहिला. साळूबाई खाली मान घालून कोंबड्या कोंडायला गेली. रायबानं नाव उगाच धुतली.

दुसऱ्या दिवशी तांडा आला. बैलांच्या घंटा लांबूनच ऐकू आल्या. हौसा सगळ्यांच्या पुढं. तिला गावकऱ्यांनी सांगितलं, तशी ती बांधाकडं धावत सुटली, कडेवर येसा. "आई! अगं आई!" गोजरा खोपटाच्या दारात उभी. दोन्ही हात पुढं करायचे, ते तिनं मागं नेऊन बांधल्यासारखे धरले. म्हणाली, "थांब हौसा! तिथंच थांब! पुढं पाऊल टाकशील तर माझी शपथ आहे." हौसा थांबली. मधे वीस पावलं अंतर. आणि पाच वर्षांनी भेटलेल्या मायलेकी वीस पावलांवरून ओरडून बोलायला लागल्या. काय खातेस, वाळलीस किती, सासू बरी आहे का. जे कानात सांगायचं असतं ते अख्ख्या तांड्याला ऐकू गेलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं, हौसानं येसाला खाली ठेवलं. नुकतं पाऊल टाकायला शिकला होता तो. एक पाऊल टाकायचा, धपकन बसायचा, पुन्हा उठायचा. त्याला वाटलं, ती समोरची बाई मजेची दिसते. तो निघाला ना तिच्याकडं! एक, दोन, तीन पावलं. हौसा धावणार तोवर तो चांगला सात-आठ पावलं गेला. आणि गोजरा? गोजरा मागं सरकली. तो एक पाऊल पुढं, ही एक पाऊल मागं. तो हसतोय, त्याला खेळ वाटतोय. आणि हिच्या डोळ्यांतून पाणी. नातू पहिल्यांदा आजीकडं चालत येतो, आणि आजी मागं मागं जाते.

थांबा. पाणी पिते जरा. मला इथं नेहमीच रडू येतं. माझी आजी सांगायची तेव्हा मला वाटायचं, हिला काय होतं एवढं? ती मला उचलून मांडीवर घ्यायची, घट्ट. आता कळतं काय होतं ते. हो, ये इकडं शरू. तूही ये रे. पाय गार पडलेत तुझे.

तर मग तिसरा दिवस. दुपार. मिठाच्या गोण्या नावेत चढल्या. तांड्याचा नाईक, म्हणजे तांड्याचा मुख्य माणूस, ओरडत होता, "चला, चला! राजाच्या मुदपाकखान्यात मीठ संपलंय!" हौसा नावेत बसली. येसाच्या हातात ती चिमुकली चटई. ती गोजराच्या घरातून शेजारणीनं आणून दिली होती. हौसा बांधाकडं बघत होती. बांधावर गोजरा उभी. दोघींपैकी कुणी हात हलवला नाही. हलवला असता तर निरोप झाला असता ना.

रायबानं बांबू उचलला. पाण्यात टेकवला. आणि रेटेचना. त्यानं बांधाकडं बघितलं, मग हौसाकडं बघितलं. मग बांबू नावेत आडवा टाकला आणि म्हणाला, "नाईक, नाव जायची नाही. मला सुतक आहे."

"सुतक? कुणाचं?"

"तुतवाराचं. गोजराच्या आधी मी पाहिलं होतं. डोळे मिटून याच बांबूनं लोटलं. आज मी कबूल करतो. आज आणि पुढचे तीन दिवस मी नावेला हात लावणार नाही."

नाईक लालबुंद झाला. "राजा तुला फासावर देईल! अरे, या गावात दुसरं कुणी नाव वल्हवणारं नाही का?"

तशी गर्दीतून साळूबाई पुढं आली. तिला वल्हवता येत होतं, तिचा बाप नावाडी. ती म्हणाली, "मला येतं. पण मीही पाहिलं होतं हो. सुपलीनं ढकललं मी. माझ्या सहा कोंबड्या गेल्या, ते माझ्याच कर्मानं." आणि रडत रडत सहाही कोंबड्यांची नावं घेतली.

मग नाईक वळला पाटलाकडं. "पाटील, तुम्ही तरी शहाणे आहात. हुकूम द्या कुणाला तरी!" पाटलानं मिश्या चाचपल्या. घसा खाकरला. त्याच्या घरी पाहुणे अजून मुक्कामाला, मुलीची सोयरीक जमत आलेली. पाहुणे तिथंच उभे. मग तो म्हणाला, "सगळ्यांत आधी मीच पाहिलं. पाखरू माझ्या अंगणात पडलं होतं. मी पुरलं असतं तर या बाईवर ही वेळ आली नसती." आणि त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

मग काय! बांधच फुटला. "मी पाहिलं", "मीही पाहिलं", "आम्ही दोघी बरोबरच होतो, दोघींनी पाहिलं!" अख्ख्या गावाला सुतक. तीन दिवस कुणी नावेला हात लावायचा नाही. तांड्यातल्या माणसांना बैल हाकता यायचे, नाव कुठं यायची? नाईकानं डोक्याला हात लावला आणि गोणीवर बसून राहिला. गोण्या उतरवल्या, बैल सोडले, तांडा राहिला.

आणि राजाचं काय झालं? सांगितलं होतं ना, त्याचं काम थोडं आहे. राजानं तीन दिवस अळणी आमटी खाल्ली. पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवशी रुसला, तिसऱ्या दिवशी त्याला सवय झाली. फासावर वगैरे कुणी गेलं नाही. आणि पाटलाच्या मुलीची सोयरीक? जमली. पाहुणे म्हणाले, भरल्या गावात चूक कबूल करणारा व्याही कुठं मिळतो?

मग चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. गोजराचं सुतक फिटलं. तिनं शिकेकाईनं न्हाऊन घेतलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि बांध उतरून आली. खाली हौसा उभी होती, येसाला बोटाशी धरून. गोजरा एक पाऊल पुढं आली, तर येसा एक पाऊल मागं! त्याला वाटलं, आता मागं जायची पाळी आपली. ही पुढं, तो मागं, खदाखदा हसतोय. गोजरानं मग सरळ पदर खोचला आणि धावली. उचलला आणि असा आवळला की तो रडायलाच लागला. रडू दे म्हणाली, मी नाही सोडत. मग हौसा येऊन दोघांना बिलगली. आता कानात सांगायचं ते कानात सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही. ते त्यांचं त्यांना.

आणि गंमत बघा. सगळं गाव सुतकात. खोपटात एवढी माणसं मावायची कशी, म्हणून जो तो आपापल्या घरातच बसला, आणि कुणाच्या घरी चूल पेटायची नाही. गावात चूल पेटवू शकणारी एकच बाई उरली, गोजरा. मग तिनं तीन दिवस सगळ्या गावाचा स्वयंपाक केला. हौसा भाकऱ्या थापायची, तांड्यातल्या बाया पीठ मळायच्या, नाईक सरपण आणून द्यायचा, फुणफुणत का होईना. येसा आजीच्या कडेवर. खाली ठेवलाच नाही तिनं त्याला. एका हातानं पिठलं ढवळायची, एका हातानं नातू सांभाळायची. मग ती भाकऱ्या घेऊन दारोदार जायची, लांब उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि हाक मारायची, "पाटील, जेवून घ्या हो! रायबा, जेव रे बाबा! साळू, ऊठ, कोंबड्यांनाही लांबूनच टाकलेत मी दाणे!"

पाटील उंबऱ्याआड बसून भाकरी खायचा. एकदा आतूनच म्हणाला, "गोजरा, तुला राग नाही का गं आला आमचा?"

गोजरा म्हणाली, "आला होता ना. खूप आला होता. आज सकाळी न्हातानाही होता. पण तुम्ही सगळे घरात बसलात म्हणून माझी लेक राहिली. आता भाकरी गार करू नका."

सहाव्या दिवशी संध्याकाळी गोजरानं शेवटच्या घराला भाकरी दिली, मग स्वतः खाल्ली. चूल विझवली. चटई टाकली. एका बाजूला हौसा, मधे येसा, आणि येसाच्या अंगावर गोजराचा हात. उद्या नाव जाणार होती, ते तिघांनाही ठाऊक होतं. म्हणजे येसाला नव्हतं. पण आजची रात्र होती ना हातात. हौसानं लहानपणी करायची तसं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि डोळे मिटले. सगळी सुखानं झोपली.

झोपलास का रे? पाय पुन्हा बाहेर. राहू दे. शरू, तूही मीट डोळे. मी आहे इथं.